गाळलेलं वाक्य

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१२ ऑगस्ट १९५८

मामा,

मायन्यात अर्धं पान घालवलंस तर पुढचं वाचणार नाही, असं तुम्ही बजावलं आहे. म्हणून तुम्हाला एका शब्दात नमस्कार, आणि सीतालक्ष्मी मामीला मात्र वाकून.

माझं नीट चाललं आहे. सकाळी माझे सीनियर वकील चंद्रमौळी यांच्या नुंगंबाक्कमच्या घरी जाते, दुपारी हायकोर्टात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या मागे उभी राहते. अजून तोंड उघडायची वेळ आलेली नाही. पाच वाजले की जॉर्जटाउनमधल्या निकालपत्रिकेच्या कचेरीत दोन तास काम करते. ही पत्रिका दर आठवड्याला हायकोर्टाचे निवाडे छापते. माझं काम असं, की नव्या निवाड्यात न्यायमूर्तींनी जुन्या निवाड्याचा आधार घेतला असेल, तर त्या जुन्या निवाड्याच्या चिठ्ठीवर तशी नोंद करायची. 'पाळला', 'वेगळा म्हणून बाजूला ठेवला', किंवा 'मोडीत काढला'. भिंतभर लाकडी खोकी आहेत. काही चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या आहेत, त्या निवाड्यांना पुन्हा कोणी विचारलंच नाही. ते पाहून मला उगीचच वाईट वाटतं.

काल 'स'च्या खोक्यात काय सापडलं असेल? 'सईबाई विरुद्ध मानाजी, १९२८.' वडिलांच्या मागे मुलगा नसेल तर अन्नछत्राचा कारभार पुतण्याकडे जातो, मुलीला वारसा पोचत नाही. खाली वकिलांची नावं: सईबाईतर्फे नारायणस्वामी, मानाजीतर्फे गुरुराज राव, तंजावर.

आपल्याकडे लग्न असो की बारसं, केळीची पानं मांडली की तुमचे ते हायकोर्टातले तीन दिवस सुरू व्हायचे. पहिल्या दिवशी न्यायमूर्ती हसले, दुसऱ्या दिवशी गप्प झाले, तिसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्यासाठी पाणी मागवलं. आम्ही पोरं मागे बसून तोंड दाबून हसायचो. मामा, आता हसणार नाही. तुमच्या चिठ्ठीवर तीस वर्षांत चौदा नोंदी आहेत आणि चौदाही 'पाळला' अशा. तुम्ही मिळवलेल्या निवाड्यावर आजवर एकाही न्यायमूर्तीने ओरखडा काढलेला नाही. मी ती चिठ्ठी कचेरीतल्या सगळ्यांना दाखवली.

तुमची,
वसंता

---

तंजावर
१९ ऑगस्ट १९५८

चि. वसंता,

तुझे पत्र मी बाररूममध्ये मोठ्याने वाचून दाखवले. दोन तरुण वकील उठून उभे राहिले. एकाने कॉफी मागवली. एकोणसत्तराव्या वर्षी माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

तू मद्रासेत शिकलीस, म्हणून तुला याची गोडी पुरती कळणार नाही. आम्ही जिल्ह्याचे वकील. आयुष्यभर कुणाच्या बांधाचे, कुणाच्या विहिरीचे भांडण लढायचे. निकाल लागला की तो त्या दोघांपुरता. दहा वर्षांनी दोघेही मरतात आणि निकालही विसरला जातो. पण हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी एकत्र बसून एखादा मुद्दा ठरवला आणि तो छापला गेला, की तो नजीर होतो. मग सेलममधल्या, मदुरेमधल्या, मी कधी न पाहिलेल्या माणसाचा दावाही त्याने ठरतो. पुढचा न्यायमूर्ती कितीही विद्वान असो, आधी मान तुकवतो. आपल्या कोर्टांची ही शिस्त मला फार थोर वाटते. राजे गेले, साहेब गेले, ही शिस्त राहिली.

त्या चौदा निवाड्यांची यादी मला पाठव, पक्षकारांची नावे आणि गावे यांसह. चौकटीत लावीन म्हणतो. तुझी मामी म्हणते की भिंतीवर जागा नाही. पंचांग काढू.

एक सांगतो. निकालपत्रिकेत राहायचे तर छापील पुस्तकावर भिस्त ठेव. जुन्या मूळ रजिस्टरांच्या धुळीत शिरू नकोस. तुला लहानपणापासून धाप लागते.

गुरुराज राव

---

तिरुवल्लिकेणी
४ डिसेंबर १९५८

मामा,

यादी अजून पाठवली नाही म्हणून रागावू नका. कामाचा डोंगर आहे.

आज कोर्टात जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. चंद्रमौळींकडे जयवंती नावाच्या बाईंचं अपील आहे. मन्नारगुडीकडच्या आहेत. वडील १९४९ मध्ये वारले. त्यांचं एक धर्मादाय काम जयवंती तेव्हापासून सांभाळत आहेत. चुलतभाऊ एकोजी म्हणतो की मुलीला तो हक्कच नाही. जिल्हा कोर्टात तो जिंकला. वडील आधीच वारल्यामुळे ५६ सालच्या नव्या वारसा कायद्याचा बाईंना उपयोग नाही. शिवाय हायकोर्टाचा एक जुना निवाडा आडवा येतो. कोणता, ते लिहीत नाही. खटला चालू आहे.

आज एकट्या न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. त्यांनी दोन तास ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मिस्टर चंद्रमौळी, हा मुद्दा माझ्यापुढे पहिल्यांदा आला असता तर मी तुमच्या बाजूने कौल दिला असता. पण या कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी तो आधीच ठरवला आहे आणि मी एकटा आहे. मला पटत नाही म्हणून मी तो ओलांडायला लागलो, तर उद्या माझा निवाडा कोण पाळेल?" चंद्रमौळी खाली बसत होते, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "मला तो ओलांडता येत नाही, पण शंका वर कळवता येते." आणि त्यांनी कागद मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवायचा हुकूम दिला, की तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ बसवावं आणि जुना निवाडा बरोबर होता का ते पाहावं.

हातात सत्ता असलेला माणूस ती वापरत नाही, आणि तरीही समोरच्याला वाऱ्यावर सोडत नाही. मला उठून नमस्कार करावासा वाटला. तुम्ही ज्या शिस्तीबद्दल लिहिलं होतं, ती मी आज डोळ्यांनी पाहिली.

वसंता

---

तंजावर
१२ डिसेंबर १९५८

वसंता,

मी डोळ्यांनी अधू झालो आहे, डोक्याने नव्हे. मन्नारगुडीकडे बायका सांभाळतील अशी धर्मादाय कामे किती? जयवंतीचे वडील मला ठाऊक होते. ते काम म्हणजे अन्नछत्र, आणि आडवा येणारा निवाडा माझा. तू नाव झाकलेस. ही दया मला नको होती.

आता वकील म्हणून ऐक. तीस वर्षे लोकांनी त्या निवाड्यावर विसंबून मृत्युपत्रे केली, वाटण्या केल्या, दत्तके घेतली. चौदा वेळा कोर्टांनी तो पाळला. एका बाईचे दुःख पाहून तो मोडला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचे दुःख पाहून आणखी एक मोडावा लागेल. मग माणसाने घराचा पाया कशावर घालावा? कायदा बरोबर असणे चांगले, पण तो ठरलेला असणे त्याहून जास्त गरजेचे. हे मी म्हणत नाही, सगळी कोर्टे म्हणतात. एकोजीच्या वकिलाला एवढे सुचत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

खटला सोड असे मी म्हणणार नाही. वकिलाने आलेला पक्षकार टाकू नये. पण माझ्या घरातली पोर माझा निवाडा मोडायला पुस्तके वाहून नेते, हे मला बाररूममध्ये वाचून दाखवता येणार नाही.

यादीची आता घाई नाही.

गु. रा.

---

तिरुवल्लिकेणी
२० जानेवारी १९५९

मामा,

झाकलं ती माझी चूक. तुम्ही दुखावू नये म्हणून झाकलं, आणि त्यानेच दुखावलात. माफ करा.

तुमचं म्हणणं चंद्रमौळींना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "हाच आपला खरा धोका आहे. निवाडा चुकीचा होता एवढं दाखवून पूर्णपीठ हलणार नाही. तीस वर्षं लहान नव्हेत." म्हणजे तुम्हीच जिंकाल असं दिसतं.

गेल्या आठवड्यात जयवंती आल्या होत्या. मी खुर्ची पुढे केली, तर बसायच्या आधी म्हणाल्या, "तारीख शुक्रवारी नको हो. शुक्रवारी शाळेची पोरं जास्त येतात, पंगतीला मी नसलें तर वाढपी हात आखडतो." रोज दुपारी चाळीस मुलं त्या छत्रात जेवतात. एकोजीला तिथे तांदळाची गिरणी घालायची आहे, छत्राला मागची एक खोली देईन म्हणतो. मी विचारलं, हरलात तर? त्या म्हणाल्या, "एकोजीनं ठेवलं तर तिथंच वाढायला राहीन. सांबाराला मीठ पुरे का ते कुणी तरी बघायला पाहिजे की." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

यादीची घाई नाही म्हणालात, पण मी ती केली आहे. तुम्हाला नुसती नावं पाठवायची म्हणून बसले, आणि मग एकेक निवाडा पुरा वाचला. चौदाही ठिकाणी एक मुलगी आहे, मामा. सेलमची सकवारबाई अकरा वर्षं छत्र चालवत होती, पुतण्याने कुलूप बदललं. कुंभकोणमच्या एका खटल्यात मुलगी वडिलांच्या आजारपणापासून हिशेबटिपणं ठेवत होती, न्यायमूर्तींनी तिच्या कामाची वाखाणणी केली आहे आणि शेवटी लिहिलं आहे, 'तथापि सईबाईच्या निवाड्यापुढे आमचा नाइलाज आहे.' मदुरेच्या खटल्यातही तोच नाइलाज, रामनाडच्याही. बाकी दहा सोबतच्या कागदावर आहेत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नावं आणि गावं यांसह. एकाही न्यायमूर्तीने मुलगी का नको याचं कारण दिलेलं नाही. प्रत्येकाने मागच्याकडे बोट दाखवलं आहे, आणि सगळी बोटं १९२८ च्या त्या एका ओळीपाशी जातात. तिथेही कारण नाही. तुम्ही तीन दिवस जे बोललात, त्यातलं काहीतरी न्यायमूर्तींनी लिहायला हवं होतं ना? ते कुठे गेलं?

हे चिडून लिहीत नाही. मला खरंच कळत नाही, म्हणून विचारते.

वसंता

---

तंजावर
९ मार्च १९५९

वसंता,

तुझ्या पत्राला सात आठवडे उत्तर दिले नाही. यादी चौकटीत लावली नाही. रोज वाचली.

तू विचारलेस, तीन दिवसांचे काय झाले. तीन दिवस नव्हतेच. अर्धा तासही नव्हता.

१९२८ च्या त्या सकाळी मी रात्रभर तयारी करून उभा राहिलो. मुलीचा हक्क हा मुद्दा मला जड जाणार हे मला ठाऊक होते, माझ्याकडे धड आधार नव्हता. मी घसा साफ करतो तोच नारायणस्वामी उठला. त्याची सगळी भिस्त मुदतीच्या मुद्द्यावर होती. मानाजीने दावा उशिरा आणला, तो तेवढ्यावरच उडेल, अशी त्याची खात्री. न्यायमूर्तींवर चांगला परिणाम व्हावा म्हणून तो म्हणाला, "मुलीच्या हक्काचा वाद मी घालत नाही, मला मुदतीवर ऐका." आम्ही वकील असे करतो. एक मुद्दा उदारपणे सोडून दुसऱ्यावर जोर देतो. त्या दिवशी त्याचा हिशेब चुकला. मुदतीवर तो हरला आणि हातातला मुद्दा आधीच सोडून बसला होता. न्यायमूर्तींनी लिहिले: 'सईबाईतर्फे श्री. नारायणस्वामी हा मुद्दा लढवत नाहीत. म्हणून मुलीला वारसा पोचत नाही असे धरून आम्ही पुढे जातो.'

पुस्तकात काय छापले आहे ते तू वाचलेस. 'मुलीला वारसा पोचत नाही.' एवढेच.

मधला भाग मी गाळला. तेव्हा तुझ्या निकालपत्रिकेला बाहेरगावचे वकील निवाड्यांच्या नकला पाठवत. मी नक्कल केली, त्या वाक्यापाशी आलो आणि माझ्या लक्षात आले की हे ठेवले तर कोणी छापणार नाही. न्यायमूर्तींनी काही ठरवलेच नव्हते, विरोधकाने सोडलेले घेतले होते. मी मनाला सांगितले, लांबण कापतो आहे. संपादकाने विश्वासाने छापले. नारायणस्वामीने ते वाचले, पण त्याचीही चूक झाकली गेली होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटला तेव्हा माझ्याकडे बघून नुसता हसला. त्याला जाऊन आठ वर्षे झाली. आम्ही दोघे त्याबद्दल कधी बोललो नाही.

मला वाटले, एका ओळीने कोणाचे काय बिघडते. चौदा घरांचे बिघडले. आणि पंधरावे घर तर मला दिसत होते. खटला हरल्यावर सईबाई त्याच छत्रात वाढायला राहिली. मार्गळी महिन्यात मी मानाजीकडे जेवायला जायचो, ती माझ्या पानात भात वाढायची आणि "अजून थोडा घ्या, वकीलसाहेब" म्हणायची. मी घ्यायचो.

परवा सीतालक्ष्मीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "तीन दिवस नव्हते हे मला तेव्हाच कळलं होतं हो. तीन दिवसांना पुरतील इतके शर्टच तुम्ही नेले नव्हते. पण वाक्य गाळलंत, हे ठाऊक नव्हतं." मग ती उठून आत गेली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

मूळ निवाड्याची कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल माझ्या पेटीत आहे. हायकोर्टाच्या जुन्या रजिस्टरातही ते वाक्य असणार. छापील पुस्तक हाताशी असताना ते कोणी उघडत नाही; तू उघडशील म्हणूनच मी तुला धुळीची भीती घातली होती. आता उघड.

तुझा मामा

---

(पोस्टकार्ड) मद्रास, १६ मार्च १९५९

मामा, रजिस्टर उघडलं. वाक्य आहे, शब्दन्‌शब्द. चंद्रमौळी म्हणतात की एवढं पुरे, पूर्णपीठ स्वतः रजिस्टर मागवून पाहील, वाक्य कसं गळलं हे कोणी विचारणार नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्र करायची किंवा यायची काही गरज नाही. माझंही तेच म्हणणं आहे. येऊ नका. वसंता

---

(पोस्टकार्ड) तंजावर, २ जुलै १९५९

सुनावणी चौदाला आहे असे चंद्रमौळींनी कळवले. बारा तारखेच्या गाडीने निघतो. एग्मोर स्टेशनवर ये. प्रतिज्ञापत्र बरोबर आणतो आहे. मामी म्हणते की पागोटे घालूनच उभे राहा. गु. रा.

---

तिरुवल्लिकेणी
३ सप्टेंबर १९५९

मामा,

काल निवाडा झाला. जयवंती जिंकल्या. तार मिळालीच असेल, पण सगळं सविस्तर लिहायचं आहे.

आधी चौदा जुलैचं. तुम्ही न्यायमूर्तींकडे तोंड करून उभे होतात, तुमच्या पाठीमागे काय होतं ते तुम्हाला दिसलं नाही. एरवी वकील आत-बाहेर करत असतात, त्या दिवशी कोणी हललं नाही. मधले न्यायमूर्ती तुम्हाला म्हणाले, "मिस्टर राव, मूळ रजिस्टर आमच्यापुढे आहे. तुम्ही हे सगळं सांगायलाच हवं असं नाही." आणि तुम्ही म्हणालात, "वाक्य होतं एवढंच रजिस्टर सांगेल, माय लॉर्ड. ते कोणी काढलं हे सांगणार नाही. उद्या कोणीतरी म्हणेल की चौदा कोर्टांनी न वाचता माना डोलावल्या. त्यांनी समोर छापलेलं इमानाने पाळलं. त्यांची चूक नाही, माझी आहे."

माझ्या शेजारी एकोजीचे वकील बसले होते. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मधल्या न्यायमूर्तींनी काही बोलण्याआधी शिपायाला खूण केली आणि वकिलांच्या टेबलापाशी तुमच्यासाठी खुर्ची आली. तुम्ही पागोटं सरळ केलंत आणि बसलात. मामा, त्या क्षणी मला रडू आलं. लाज वाटून नाही.

निवाडा काल मधल्या न्यायमूर्तींनी वाचला, पाऊण तास लागला. आधी त्यांनी तुमच्या बाजूचा, म्हणजे ठरलेला कायदा सहज हलवू नये हा मुद्दा इतका नीट मांडला की जयवंतींनी माझा हात घट्ट धरला. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण चेहरा कळतो. ते म्हणाले, तीस वर्षांचा निवाडा केवळ आम्हाला वेगळं वाटतं म्हणून आम्ही मोडणार नाही. मग थांबले आणि म्हणाले, पण आधी निवाडा तरी असायला हवा. वकिलाने सोडून दिलेला मुद्दा न्यायमूर्ती धरून चालतात, तेव्हा ते काही ठरवत नसतात. सईबाईच्या खटल्यात मुलीच्या हक्काचा विचार झालाच नाही. तो आज पहिल्यांदा होतो आहे. आणि मग त्यांनी तो केला, वडिलांनी सोपवलेलं धर्माचं काम मुलगी का करू शकणार नाही याचं एकही कारण त्यांना सापडलं नाही, आणि नंतरचे चौदाही निवाडे त्यांनी मोडीत काढले.

ते चौदा दावे पुन्हा उघडणार नाहीत. ज्यांचं संपलं ते संपलं, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. ते वाक्य त्यांनी जरा हळू वाचलं.

जयवंतींनी बाहेर येऊन पहिलं काय विचारलं असेल, तर त्या जुलैच्या दिवशी तुम्ही पुढे कुठे जेवलात की नाही. त्या दिवशी तुम्ही न जेवताच गाडीला गेलात, हे त्यांच्या मनात राहिलं होतं. सकवारबाईला सेलमला पत्र लिहायला त्यांनी माझ्याकडून पत्ता घेतला आहे.

एक गोष्ट मला फार आवडली. निवाड्यात तुमचं नाव नाही. 'तंजावरच्या एका वयोवृद्ध वकिलांनी स्वतः येऊन खुलासा केला', एवढंच आहे. न्यायमूर्तींनी ते मुद्दाम केलं असणार. निकालपत्रिकेत हा निवाडा छापायचं काम माझ्याकडे आहे. निवाड्याआधी खटल्याची हकीकत पत्रिकेतर्फे द्यायची असते, तिचा मसुदा सोबत आहे. त्यातही मी 'एक वयोवृद्ध वकील' असंच लिहिलं आहे. कोणाला कळणार नाही. स्वस्थ राहा.

वसंता

---

तंजावर
१० सप्टेंबर १९५९

चि. वसंता,

मसुदा वाचला. तू चांगले लिहितेस, लांबण नाही. एक दुरुस्ती हवी.

निवाड्यातला एक बिंदूही हलवू नकोस. न्यायमूर्तींनी नाव घातले नाही, तो त्यांचा मोठेपणा आहे आणि तो तसाच छापला पाहिजे. पण हकीकत तुझी आहे. तिथे प्रतिज्ञापत्र कोणी केले, हे लिहायची रीत आहे. ते नाव तू माझ्या मायेने गाळलेस. मीही मायेनेच गाळले होते, फक्त ती माया स्वतःवरची होती. वाचणाऱ्याला कमी मिळते ते दोन्हीकडे सारखेच.

आणखी एक. तंजावरात वयोवृद्ध वकील सहा आहेत. लोक बाकीच्या पाचांकडेही बघतील.

मामी परवापासून पुन्हा पूर्वीसारखी बोलू लागली आहे. निवाडा तिला मराठीत सांगितला. ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. आता जेवायला या." काल मी बाररूममध्ये गेलो. सगळे उठून उभे राहतील किंवा सगळे बाहेर जातील, असे धरून गेलो होतो. दोघे उठले, तिघे पेपर वाचत राहिले, एकाने कॉफी मागवली. मी प्यालो.

नाव पूर्ण लिही. गावासह.

गुरुराज राव

---

मद्रास
१९ सप्टेंबर १९५९

मामा,

दुरुस्ती केली. ओळ अशी आहे: 'सईबाई विरुद्ध मानाजी या १९२८ च्या निवाड्याची प्रसिद्धीसाठी नक्कल करताना त्यातलं वाक्य आपण गाळल्याचं प्रतिज्ञापत्र श्री. गुरुराज राव, वकील, तंजावर, यांनी स्वतः हजर राहून केलं.'

काल संध्याकाळी संपादक प्रूफ बघत होते. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुमच्याच गावचे. ओळखीचे का?" मी म्हटलं, माझे सख्खे मामा. त्यांनी निवाड्याची पानं पुन्हा चाळली. मग म्हणाले, "निवाड्यात नाव नाही. आपणही काढलं तर कोणी काही म्हणणार नाही. काढू या?"

माझा हो म्हणायला जीव इतका आसुसला होता, मामा, की मी खिडकीकडे तोंड केलं. मग म्हटलं, "नको. त्यांना ते हवं आहे." त्यांनी प्रूफवर सही केली आणि ते छापखान्यात पाठवलं.

अंक सोमवारी निघेल. तुमची प्रत मी स्वतः पोस्टात टाकीन.

वसंता